मी नाहीच असं समजा

१

फोटोवाला आला की लोक काय करतात? केस सारखे करतात, पोरांना पुढे ढकलतात, नाहीतर पदराआड हसत बसतात. बगळ्याने उभी हयात या तिन्ही गोष्टींशी भांडण मांडलं. बगळा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, वर्तमानपत्राच्या कचेरीत पडलेलं. तळ्याकाठी तो एका पायावर भार टाकून इतका वेळ निश्चल उभा राहायचा, की पाणपक्षीही त्याला घरचाच समजून शेजारी येऊन उभे राहत, असं संपादक म्हणायचे. संपादकांना तिखटमीठ लावायची सवय होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. साठी उलटली तरी बगळा तो बगळाच.

खेडी, शिवारं, नद्या, तळी आणि त्यांची हळूहळू लागत गेलेली वाट, हे त्याचं काम. पाणी फेसाळलं, मासे पोटं वर करून काठाला लागले, की हा गळ्यात कॅमेरा अडकवून हजर. काम चोख, पण खोड एकच आणि ती जाता जात नव्हती. त्याच्या फोटोत कोणीही कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. गावात शिरला की तो सगळ्यांना एकदाच सांगायचा, हळू, घशातल्या घशात, "मी नाहीच असं समजा. काम चालू द्या." आवाजात असं काही होतं की लोक ऐकायचे. थोड्या वेळाने खरंच विसरायचे.

आणि एखाद्याने चुकून बघितलंच, तर? तर फिल्म धुऊन आली की बगळा कात्री घेऊन बसायचा आणि निगेटिव्हच्या पट्टीतून तेवढी चौकट कापून काढायचा. आता पट्टी मधोमध कापू नये, हे या धंद्यात शिकाऊ पोरालाही कळतं. लॅबवाला त्याच्यावर करवादायचा, "अरे, छापू नकोस, पण कापतोस कशाला?" बगळा कापतच राहायचा. कापलेल्या चौकटी तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा आणि झाकण घट्ट लावायचा. फेकून द्यायचा धीर होत नसे. वर काढून बघायचाही नाही.

२

निवृत्तीनंतर एका प्रकाशकाने मनावर घेतलं. ज्या तळ्यावर बगळा दरसाल जात राहिला, त्या एकाच तळ्याचं पुस्तक करायचं. म्हणजे जुन्या निगेटिव्ह पुसायच्या, स्कॅन करायच्या, निवडायच्या. मदतीला लेक आली. ती फिजिओथेरपिस्ट होती, दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला नवी नोकरी लागली होती आणि रुजू होण्याआधीची सुट्टी ती बापाकडे घालवत होती.

आई गेल्यापासून या दोघांचं बोलणं गॅस, गोळ्या आणि लाइटबिल यापलीकडे जात नव्हतं. बगळा बायको गेली तेव्हा रडला नव्हता. मन घट्ट केलं वगैरे काही नाही, रडू आलंच नाही. इतकी वर्षं मेलेलं पाणी आणि मेलेली जनावरं बघून आतलं काहीतरी बधिर झालं होतं, झोपेत हात अंगाखाली दबून मुंग्या येतात, मग त्याही थांबतात, तसं. लेकीने त्यावरून एक शब्दही काढला नाही. तिने काढला असता तर बरं झालं असतं. आता त्याला एकच हवं होतं. जाण्याआधी पोरीने एकदा समोर बसून सरळ आपल्याकडे बघावं, काय असेल ते बोलून टाकावं. मग ती खुशाल जाऊ दे.

काम मागच्या खोलीत चाले. खिडकीला जाड पडदा, टेबलावर स्कॅनर, बाजूला पांढऱ्या उजेडाची पेटी. लेक हातात पांढरे मोजे घालून पट्ट्या पुसायची, तो त्या सरकवायचा. यंत्र घूं करत चाटत जायचं. दुपारी ती चहा आणायची.

तो चहा घेताना तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. तिने कप पुढे केला, पण नजर त्याच्या खांद्याच्या बाजूला, कपाटाच्या कडीवर. तिची मान त्याच्याकडे वळायला निघाली आणि मध्येच थांबली.

तो म्हणाला, "मान अवघडलीय का तुझी?"

"बाबा, दिवसभर लोकांच्या माना मोकळ्या करणं हाच माझा धंदा आहे. माझी कशी अवघडेल?"

"मग माझ्याकडे बघत का नाहीस?"

"बघतेय की," ती कपाटाच्या कडीला म्हणाली.

राग असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण मानेच्या बाबतीत बगळ्याला फसवणं सोपं नव्हतं. रागावलेली मान पूर्ण फिरते, लाजलेली खाली जाते. अर्ध्यात थांबते ती फक्त एकच मान, जिला बघू नकोस म्हणून सांगितलेलं असतं. अशा माना त्याने हजारोंनी पाहिल्या होत्या. त्यांच्यावरच तर त्याचं पोट चाललं होतं.

३

"ही कुठे गेली?" लेकीने संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं.

काठावर जाळी विणणाऱ्या बायका. त्यात एक उंच बाई, एका हाताची दोन बोटं नसलेली, तरी सगळ्यांत भराभर विणणारी. लेकीच्या व्यवसायामुळे तिचं लक्ष त्या हातावर खिळलं होतं. "सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक फोटोत आहे. मग एकदम नाहीच."

"शहरात गेली असेल. तळं आटलं, सगळेच गेले."

"तिची जागा मोकळी ठेवलीय पण."

खरंच होती. पुढच्या वर्षीच्या फोटोत बायका तशाच ओळीने बसल्या होत्या आणि मधे एका माणसाएवढी फट. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक फट, म्हाताऱ्या नावाड्याच्या जागी. त्या वेळी बगळ्याने हे पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. त्याला चौकट चांगली वाटली होती. मोकळ्या जागेमुळे फोटोला श्वास मिळतो, असं तो कुठल्याशा भाषणात म्हणालाही होता.

आता त्याला आठवलं, त्याने तेव्हा विचारलंही होतं. त्या उंच बाई कुठे आहेत, म्हणून. कोणी उत्तर दिलं नव्हतं. कोणी मानही वर केली नव्हती. सगळ्या विणत राहिल्या. आपलं सांगणं किती अंगवळणी पडलंय यांच्या, असं वाटून तो मनातून सुखावला होता.

लेक जेवणाचं बघायला गेली तेव्हा त्याने माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. झाकण गंजलं होतं, चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. एकेक चौकट त्याने उजेडाच्या पेटीवर मांडली आणि भिंग लावलं. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, त्यामुळे सगळ्यांची बुबुळं पांढरी दिसत होती. उंच बाई होती. नावाडी होता. पुढच्या वर्षांत ज्यांच्या जागा मोकळ्या, ते सगळे डब्यात होते.

हा योगायोग आहे, हे त्याला पटत होतं. माणसं म्हातारी होतात, मरतात, गाव सोडतात. जो बाहेर पडायचं मनात धरतो तोच मान वर करून बघतो, असंही असेल. त्याने चौकटी परत डब्यात टाकल्या. भीती वाटली का? तेही त्याला धड सांगता आलं नसतं. 

४

त्यानंतर आवाज ऐकू यायला लागला. आधी बारीक खट्, मग दात असलेलं चाक फिरल्यासारखं किर्र. जुन्या कॅमेऱ्यात फोटो काढल्यावर अंगठ्याने दांडी ओढून फिल्म पुढे सरकवायची, त्याचा हा आवाज. बगळा तो झोपेतही ओळखेल.

पहिल्यांदा तो दाढी करत होता आणि आवाज दाराबाहेरून आला. मग तो मागच्या खोलीत असताना स्वयंपाकघरातून. स्वयंपाकघरात गेला तर पाठीमागच्या बोळकांडीतून. दर वेळी मागून, आणि दर वेळी लेक आसपास असतानाच. एकटा असला की घर कसं चिडीचूप. फ्रिजचा असेल म्हणून त्याने फ्रिज बंद करून ठेवला. दूध नासलं, आवाज काही थांबला नाही.

जुना कॅमेरा कपाटात खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेला होता. त्याने सोडून पाहिला. दांडी गंजून बसलेली, जोर लावला तरी हलेना. आत फिल्म नव्हती. आतला शटरचा कापडी पडदा फाटला होता.

त्याने लॅबवाल्याला फोन लावला. दोघांची मैत्री अशी, की दर दोन वाक्यांत एक शिवी असल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नसे. आज लॅबवाला शिव्या द्यायला विसरला.

"तो डबा अजून आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"कधी तुला बोललो नाही. तुझे रोल मी धुवायचो, तेव्हा त्या चौकटी तू कापायच्या आधी मला दिसायच्याच ना. एकदा एक छापून पाहिली. रसायनात कागद टाकला, चेहरा वर आला, आणि मी दिवा न लावताच खोलीबाहेर पळालो. मी. पंचवीस वर्षं अंधारात काढलेला माणूस."

"का? काय होतं त्यात?"

"काही नव्हतं. बाई होती. बघत होती. पण तिच्या चेहऱ्यावर..." तो थांबला. "तू समोर असलास तर कोणी तसं बघणार नाही रे. इतका काही तू भयंकर नाहीस."

मग तो हसला आणि गुडघेदुखीकडे वळला. बगळ्याने गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकून घेतली.

५

बायकोचा फोटो डब्याच्या अगदी तळाशी होता, कापला तेव्हा त्यानेच खाली दडवलेला, म्हणून आधी चौकटी काढताना हाताला लागला नव्हता.

घरच्या माणसांचे फोटो बगळा काढत नसे. सुतार आपल्या घरची खुर्ची दुरुस्त करत नाही, असं बायको चिडवायची. पण एका वर्षी, म्हणजे तिच्या शेवटच्या, एकदा सकाळी ती ओट्याशी उभी होती आणि खिडकीतून उजेड असा आला होता की त्याला राहवलं नाही. कपाटातला जुना कॅमेरा काढला, आणि सवयीने तोंडातून शब्द निघाले. मी नाहीच असं समज.

ती म्हणाली होती, "त्यात समजायचं काय आहे?" आणि हसत वळली होती, सरळ.

त्याने ती चौकटही कापली होती. बायकोची. कात्रीला काय कळतंय? आता भिंगाखाली ती दिसत होती, हसू अर्ध्यावर राहिलेलं. तिचं दुखणं तेव्हा आधीच सुरू झालेलं होतं, डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. फोटोचा आणि त्याचा काय संबंध? काहीच नाही. शाळकरी पोरालाही हे समजेल. बगळ्याने स्वतःला ते पुन्हा पुन्हा समजावलं, आणि भिंग पुसून पुन्हा त्याच चौकटीवर धरलं.

६

लेकीला त्याने दुपारी कपडे घड्या करताना गाठलं. ती पलंगावर बसली होती, तो दारात.

"एक विचारू? खरं सांग. माझ्याकडे बघू नकोस, असं तुला कोणी सांगितलंय का?"

घड्या करणारे हात थांबले. मग ती हसली, चादरीकडे बघत. लहानपणी चोरून गूळ खाताना पकडली गेली की हसायची तसंच.

"आता हे काय नवीन? तुम्हीच की."

"मी? कधी?"

"मी आले त्याच दिवशी. भाजी चिरत होते, तर मागून आलात आणि तुमच्या त्या आवाजात म्हणालात, मी नाहीच असं समज. काम चालू दे. मग कॅमेऱ्याचा आवाज आला. तेव्हापासून रोजच येतोय. पुस्तकात घरचे फोटो घालायचे असतील असं वाटलं मला." तिने एक बाही नीट सरळ केली. "बाबा, आयुष्यात पहिल्यांदा माझे फोटो काढताय. बिघडायला नकोत म्हणून मी काय जपतेय, तुम्हाला कल्पना नाही. माझे डोळे दुखायला लागले बाजूला बघून बघून."

ती आली त्या दिवशी भाजी चिरली गेली तेव्हा बगळा घरात नव्हता. चष्म्याच्या दुकानात होता.

तो सांगणार होता. तोंड उघडलंही. मग त्याच्या लक्षात आलं, सांगितलं की ही पहिली गोष्ट काय करेल? मागे वळून बघेल. कोणीही तेच करेल.

"हं," तो म्हणाला. "चांगले येतायत."

"खरंच?"

"खरंच."

तिचा चेहरा असा फुलला की ते बघायला आपण समोर असायला हवं होतं, असं त्याला वाटलं. तो दारात, तिच्या एका बाजूला होता. पाठीमागे बोळकांडीत खट् झालं, आणि मग किर्र. लेक चादरीकडे बघून हसत होती.

७

ती निघाली त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. बॅग दारात, गाडी खाली येऊन उभी. बगळ्याने सगळं मनाशी ठरवून ठेवलं होतं. डबा, निगेटिव्ह, पुस्तक, सगळं बंद. ती सुखरूप बाहेर पडू दे, मग घराला आग लागली तरी चालेल. तो समोरच्या खोलीत उभा राहिला, पाठ बोळकांडीकडे. जितकं रुंद होता येईल तितका रुंद होऊन.

लेक पायातल्या सँडलचा पट्टा लावता लावता म्हणाली, "फोटो झाले असतील ना आता? आता बघू का तुमच्याकडे? काही बोलायचंय मला. आईबद्दल. ते बाजूला बघून नाही बोलता यायचं."

हेच तर त्याला हवं होतं. इतके दिवस दुसरं काही मागितलं नव्हतं त्याने. तिची हनुवटी वर यायला लागली आणि त्याच क्षणी त्याच्या मानेजवळ, अगदी कानाशी, दांडी ओढल्याचा आवाज झाला. सावकाश. घाई नसलेल्या माणसाने ओढावी तशी.

"नको," बगळा म्हणाला.

"काय?"

"बघू नकोस. मी नाहीच असं समज." त्याचा स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "तू आपली नीघ."

पट्टा लावून झाला होता तरी तिची बोटं तिथेच राहिली. जमिनीकडे बघतच ती म्हणाली, "जातानाही?"

"जातानाही."

"बाबा, तेच तर करत आलो ना आम्ही जन्मभर. आईने केलं, मी केलं. आता जरा वेगळं होईल असं वाटलं होतं." तिने बॅग उचलली. "गोळ्या वेळेवर घ्या."

दार लागलं. जिन्यावर बॅगेची चाकं एकेक पायरी आपटत खाली गेली. बगळ्याच्या छातीत काहीतरी दुखलं, खरंखुरं दुखलं, कित्येक वर्षांनी, आणि त्याला ते आवडलं. दुखतंय म्हणजे आहे अजून काहीतरी. लेक तुटली होती, कदाचित कायमची. पण वर न बघता गेली. मागे जे काही होतं ते त्याच्या मागेच होतं, तिच्या नाही. त्याने वळून पाहिलं नाही. आधी ती पुरती जाऊ दे.

तो खिडकीशी आला. खाली ड्रायव्हर बॅग आत टाकत होता. लेक दाराची मूठ धरून उभी होती, पाठमोरी. बस पोरी, बस आत, तो मनात म्हणत होता. ती बसायला वाकली. मग सरळ झाली. मग, मनात राग धरून निघणं जिला कधी जमलंच नाही अशी ती पोर, वळली आणि तिने मान पूर्ण वर केली.

डोळे ओले होते आणि सरळ त्याच्याकडे लागले होते. लहानपणी शाळेच्या फाटकातून बघायची तेच डोळे. त्याने दोन्ही हात वर करून जोरजोराने हलवले, बघू नकोस, बघू नकोस. तिला वाटलं, बाबा निरोप देतायत. तिनेही हात हलवला, आधी एक, मग दोन्ही. ती रडत होती आणि हसत होती.

मग तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून जराशी वर सरकली, त्याच्या डोक्याच्या वर, आणि तिथेच थांबली. हलणारे हात हळूहळू खाली आले. ओळख नसलेला पाहुणा आपल्या माणसाच्या घरात दिसला की आपण हसतो, तसं ती थोडंसं, रीत म्हणून, हसली.